चौकट २८ची, लेन्स ३५ची

आत्या माझ्याशी जवळजवळ तीन महिने धड बोलत नव्हती. चुलतभावाच्या मुलाच्या मुंजीत मी घरच्यांचा ग्रुप फोटो काढला. दोन ओळींत एकोणीस माणसं. त्यात आत्याचा एक खांदा आणि एक कुडी एवढंच आलं. दुसऱ्या टोकाला काकांचा नुसता कोपर. "अरे, मी नको होते तर आधीच सांगायचंस," असं ती पंगतीत सगळ्यांसमोर म्हणाली. मी जीव तोडून सांगत होतो की व्ह्यूफाइंडरमध्ये तू पूर्ण दिसत होतीस, चौकटीच्या आत, बाजूला जागासुद्धा होती. कुणाला पटणार? मोबाइलवर जे दिसतं तेच येतं, हे आता शाळेतल्या पोरालाही माहीत आहे.

कॅमेरा लायकाचा एम८. २००६ साली बाजारात आलेला, लायकाच्या एम मालिकेतला पहिला डिजिटल. मी तो मुंबईच्या एका गृहस्थांकडून वापरलेला घेतला, सोबत त्यांचीच व्हॉइग्टलँडरची ३५ एमएमची स्क्रूवाली कलर-स्कोपार. व्यवहार सरळ झाला, माणूस सज्जन, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

एम८ हा रेंजफाइंडर कॅमेरा. रेंजफाइंडर ज्यांनी हाताळला नाही त्यांच्यासाठी: यात आपण लेन्समधून बघत नाही. बाजूच्या खिडकीतून बघतो, आणि त्या दृश्यावर पांढऱ्या रेघांची चौकट तरंगत असते. हीच फ्रेमलाइन. चौकटीच्या आत जे आहे ते फोटोत येणार, असा करार. लेन्स बदलली की चौकट आपोआप बदलते. १९५४च्या एम३पासून ही सोय आहे. चौकटी जोडीने उगवतात. (पुढचे आकडे लेन्सवर लिहिलेले, फोकल लेंथचे, मिलिमीटरमध्ये. आकडा लहान तितकं दृश्य रुंद, चौकट मोठी.) एम८मध्ये २४ आणि ३५ एकत्र, २८ आणि ९० एकत्र, ५० आणि ७५ एकत्र.

हे सगळं मला आज पाठ आहे. तेव्हा नव्हतं. तेव्हा मला एवढंच कळलं की करार मोडलाय, म्हणजे व्ह्यूफाइंडर हललाय, म्हणजे कॅमेरा दुरुस्तीला द्यायचा.

आणि इथे माझे सात आठवडे गेले.

दुकानाचं नाव लिहीत नाही. मुंबईत, दुसऱ्या मजल्यावर, लाकडी जिना. काउंटरवरच्या काकांनी कॅमेरा हातात घेतला, उलटसुलट केला आणि लेन्स फिरवून काढून माझ्या हातात ठेवली. "ही घरी न्या साहेब. फक्त बॉडी द्या. लेन्स ठेवून घेतली की नंतर ओरखडा कुणाचा यावरून भांडणं होतात." मला ते इतकं प्रामाणिक वाटलं की मी आभार मानले. गुलाबी पावती मिळाली: "कॅमेरा १, टोपी १. व्ह्यू. फा. चेक." लेन्स रुमालात गुंडाळून पुण्याला आणली आणि कपाटात ठेवली. त्या रुमालात काय होतं ते पुढे येईलच.

पहिल्या आठवड्यात फोन केला तर "अजून उघडला नाही." दुसऱ्या आठवड्यात "आमचा माणूस गावाला गेलाय." तिसऱ्या आठवड्यात माणूस आला होता पण "लायकाचं काम शांतपणे करावं लागतं." चौथ्या आठवड्यात फोन कुणी उचललाच नाही. मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत जिन्यात उभं राहून रोज फोन लावायचो, आणि पलीकडून तेच "हां साहेब, तुमचाच विषय चाललाय." माझा विषय चाललाय म्हणजे नक्की काय चाललंय, हे विचारलं की फोन दुसऱ्याकडे जायचा.

पाचव्या आठवड्यात सकाळची डेक्कन क्वीन पकडून स्वतः गेलो. कॅमेरा वरच्या फळीवर, दोन जुन्या फ्लॅशच्या खाली, रबरबँड लावलेला. रबरबँडखाली माझी गुलाबी पावती. कुणी बोट लावल्याची खूण नाही. मी आवाज चढवला. त्याचा उपयोग एवढाच झाला की चहा आला. "पुढच्या शनिवारी नक्की." पुढचा शनिवार गेला. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा गेलो, तेव्हा कारागीर समोर बसलेला होता. त्याने बॉडी माझ्या डोळ्याला लावायला दिली. लेन्स नव्हती, तरी चौकट दिसत होती, स्वच्छ, सरळ. मग त्याने स्वतःची ५०ची लेन्स लावली, समोरच्या इमारतीच्या खिडक्यांवर चौकट धरली, फोटो काढला, मागच्या पडद्यावर दाखवला. चौकटीत होत्या त्या सगळ्या खिडक्या फोटोत होत्या, वर कडेला थोडं जास्तच. "बघा. काही दोष नाही. उगाच आलात." अठराशे रुपये.

मला राग आला तो अठराशेचा नव्हे. राग आला तो याचा, की माणूस खरं बोलत होता. आता दोष नाही तर आत्या कुठे गेली?

यावरून पहिला सल्ला, जो मी सुरुवातीलाच लिहायला हवा होता: चौकटीची तक्रार असेल तर बॉडी कधीही एकटी देऊ नका. तुमची लेन्स, तुमची रिंग (लेन्स बॉडीला जोडणारी चकती), सगळं जोडून द्या, आणि "लेन्स घरी न्या" म्हणाले तर दुकान बदला.

घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये गेलो. आमच्या सोसायटीने भिंतीवर थुंकू नये म्हणून सहा इंची पांढऱ्या टाइल्स बसवल्या आहेत, मधूनमधून देवांच्या. गणपती, साईबाबा, येशू, पुन्हा गणपती. मोजमापाला याहून चांगली भिंत मिळणार नाही. ट्रायपॉड दहा फुटांवर लावला, कॅमेरा भिंतीला समांतर केला. चौकटीत आडव्या अठरा टाइल्स मावत होत्या, दोन्ही गणपती धरून. फोटो काढला. पंधरा. दोन्ही गणपती गायब. दीड-दीड टाइल दोन्हीकडून कापली जात होती, आणि मुंजीत त्या दीड टाइलमध्ये आत्या उभी होती. वॉचमन बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, "टाइल्स परत बदलणार का?"

मग चिडून लेन्स काढायला घेतली, आणि नशिबाने डोळा व्ह्यूफाइंडरलाच होता. लेन्स थोडी फिरताच चौकट टक्कन बदलली. पुन्हा बसवली, पुन्हा टक्कन मोठी झाली. चार वेळा केलं. लेन्स नसताना एक चौकट, माझी लेन्स बसवली की दुसरी. बॉडीच्या समोरच्या बाजूला, लेन्सशेजारी एक छोटी दांडी असते, तिला मी तोवर शोभेची समजत होतो. ती बाहेरच्या बाजूला, म्हणजे लेन्सपासून दूर, ढकलली की २४-३५ची जोडी येते, मधे ५०-७५, लेन्सच्या दिशेने दाबली की २८-९०. माझी ३५ लावल्यावर जी चौकट येत होती ती २८ची होती. कारागिराने लेन्सशिवाय दाखवली ती ३५ची! लेन्स नसताना एम८मध्ये तीच जोडी दिसते.

गुन्हेगार सात आठवडे माझ्या कपाटात, रुमालात होता. लेन्सच्या मागची रिंग.

माझी लेन्स स्क्रूची, म्हणजे ३९ एमएम आट्यांची. तसल्या लेन्सला चौकटीचं काही कळत नाही, कारण तो माउंट, म्हणजे लेन्स बॉडीला बसवायची पद्धत, आपोआप चौकट बदलण्याच्या सोयीआधीचा. एम माउंटवर ती चढवायला एक मिलिमीटर जाडीची रिंग लागते (स्क्रू माउंटचं सेन्सरपासूनचं अंतर २८.८ मिलिमीटर, एमचं २७.८, म्हणून बरोबर एक). या रिंगेला चार कान असतात. त्यातल्या एका कानाच्या लांबीवरून बॉडीतला खटका ठरवतो की कोणती चौकट दाखवायची. लांब कान २८-९०, मधला ५०-७५, आखूड ३५-१३५. लेन्स मुकी, तिच्या वतीने रिंग बोलते, आणि माझी रिंग खोटं बोलत होती. भिंगातून बघितलं तर आतल्या कडेला बारीक अक्षरांत कोरलंही होतं: २८-९०. चष्मा पुसून आधीच वाचलं असतं तर हा लेख झाला नसता.

इथे कुणीही शहाणा माणूस ३५ची रिंग मागवून मोकळा झाला असता. मी हिशेब केला. एम८चा सेन्सर पूर्ण फ्रेमचा, म्हणजे जुन्या ३५ एमएम फिल्मच्या चौकटीएवढा, नाही, १८ बाय २७ मिलिमीटरचा आहे. म्हणजे १.३३ने गुणायचं. ३५ गुणिले १.३३ म्हणजे ४७, म्हणजे जवळजवळ ५०. म्हणून मी ५०-७५ची रिंग मागवली. परदेशातून. पार्सल कस्टममध्ये अडकलं, दोनदा केवायसी मागितलं. बोटात न मावणाऱ्या अंगठीएवढ्या वस्तूसाठी मी आधार कार्ड दोनदा अपलोड केलं. आली एकदाची. पार्किंगमध्ये गेलो. चौकटीत जेमतेम दहा टाइल्स, फोटोत पंधरा. आता आत्या आली असती, सोबत शेजारच्या कार्यालयातलं लग्नही आलं असतं.

तर हे फळ्यावर लिहून ठेवा: गुणाकार करायचा नाही. १.३३चा हिशेब कंपनीने व्ह्यूफाइंडर आखतानाच केलेला आहे. एम८मधली ३५ची चौकट म्हणजे ३५ कोरलेली लेन्स या सेन्सरवर जेवढं बघते तेवढी. लेन्सवरचा आकडा, तीच चौकट, तीच रिंग. दुसरा घोळ रिंगेच्या नावाचा. एम८मध्ये १३५ची चौकटच नाही, तिच्या जागी २४ आहे. म्हणून लोक "२४-३५"ची रिंग शोधत बसतात, ती मिळत नाही. ३५-१३५ लिहिलेलीच घ्या. २००९च्या एम९मध्ये पुन्हा ३५-१३५ची जोडी आहे, तिथेही हीच चालते. एप्सनचा आर-डी१ असेल तर ही भानगडच नाही, त्यात २८, ३५, ५० अशी चौकट हाताने खटका फिरवून निवडायची.

कान घासून आखूड करता येतो. करणारे करतात. मीही कानस हातात घेतली होती. पण घासलेला कान परत वाढत नाही, आणि पितळेचा कीस माउंटमध्ये गेला तर पुन्हा तो लाकडी जिना चढावा लागणार, या विचारानेच कानस ठेवून दिली. खरी ३५-१३५ची रिंग मागवली. पुन्हा केवायसी.

ती बसवली त्या दिवशी चौकटीत चौदा टाइल्स आणि वर अर्धी, फोटोत पंधरा. हा अर्ध्या टाइलचा फरक दोष नाही. चौकट ज्या अंतरासाठी आखलेली असते त्याच अंतराला ती बरोबर बसते. एम८ची चौकट ०.७ मीटरसाठी, म्हणजे अगदी जवळच्या फोकससाठी आखली आहे, त्यामुळे लांबचा फोटो काढला की चौकटीबाहेरचं थोडं जास्त येतं. २००८च्या एम८.२मध्ये ती २ मीटरसाठी केली. फोकस फिरवताना चौकट उजवीकडे खाली सरकतेही, पण तिचा आकार बदलत नाही. ग्रुप फोटोला हे बरंच.

आठवलं म्हणून: व्ह्यूफाइंडरची खिडकी आणि फोकस जुळवायची रेंजफाइंडरची छोटी खिडकी यांच्या मधली दुधी काच बोटाने झाकू नका. चौकटीवर उजेड तिथून येतो. बोट आलं की चौकट पुसट होते आणि आपण पुन्हा दुरुस्तीवाल्याचा नंबर शोधायला लागतो. चष्मेवाल्यांना २४ची चौकट डोळा फिरवल्याशिवाय पूर्ण दिसत नाही, मला तर नाहीच. २१ किंवा त्याहून रुंद लेन्सला आत चौकट नाही, वर वेगळा फाइंडर खोचावा लागतो. आणि रिंग घ्यायचीच आहे तर सहा ठिपक्यांची खाच असलेली घ्या. एम८ला इन्फ्रारेड जास्त दिसतं, कृत्रिम धाग्याचं काळं कापड जांभळट येतं, म्हणून यूव्ही-आयआर फिल्टर लागतो. तो रुंद लेन्सला लावला की कोपरे हिरवट-निळसर होतात. ते सुधारायला कॅमेऱ्याला लेन्स कोणती ते कळावं लागतं, आणि ते तो ठिपके वाचून ठरवतो. एम८मध्ये लेन्सचं नाव हाताने निवडायची यादी नाही.

सगळं झाल्यावर मी त्या गृहस्थांना फोन केला, भांडायला नव्हे, नुसतं सांगायला. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अहो, माझ्याकडे २८ची आहे ना, दुसऱ्या बॉडीवर. पॅक करताना रिंगा अदलाबदल झाल्या असणार. तरीच! हल्ली माझ्या फोटोत कडेला सारखं जास्तीचं काहीतरी येतंय. मी म्हटलं, आपला हात सुटलाय."

पुढच्या रविवारी दादर स्टेशनबाहेर आम्ही रिंगा बदलल्या. म्हणजे आता माझ्याकडे ३५-१३५च्या दोन आणि ५०-७५ची एक अशा तीन रिंगा आहेत. ५०-७५ मी ठेवणार आहे, कधीतरी स्क्रूची ५० घेईन. ३५ची एक जादा आहे, हवी असेल त्याने कळवा. पण आधी तुमच्या लेन्सवरचा आकडा मला वाचून दाखवा. गुणाकार न करता.