आलेफपासून तावपर्यंत

३ ऑगस्ट २०२५, रविवार

दिवसभर पाऊस. ज्यूंच्या पंचांगात आज आव महिन्याची नवमी, म्हणजे जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या शोकाचा दिवस. एक नव्हे, दोन्ही मंदिरांच्या: पहिलं इ.स.पू. ५८६ मध्ये बाबेलच्या नबुखद्नेस्सरने जाळलं, दुसरं इ.स. ७० मध्ये रोमनांनी. या तिथीला उपास करतात, आणि सुरुवातीच्या रात्री जमिनीवर बसून मंद उजेडात 'एखा' वाचतात. मराठी बायबलमधलं 'विलापगीत' ते हेच.

मराठीतून मी ते पूर्वी वाचलं होतं. तेव्हा नुसता आक्रोश वाटला होता, खरं सांगायचं तर थोडा कंटाळाही आला होता. दोन वर्षांपूर्वी हिब्रू अक्षरं गिरवायला घेतली आणि मग कळलं की अनुवादात केवढं गळून पडलंय. हिब्रूत अक्षरं बावीस. पहिल्या अध्यायात कडवीही बावीस, पहिलं आलेफने सुरू, दुसरं बेतने, असं थेट तावपर्यंत. दुसरा आणि चौथा अध्यायही तसाच. तिसऱ्यात एकेका अक्षराला तीन ओळी, एकूण सहासष्ट.

शहरात उपासमार आहे, पोरं आयांना विचारताहेत, धान्य कुठे आहे, आणि हा कवी मुळाक्षरं लावत बसलाय! पहिल्यांदा मला ते चमत्कृतीसारखं वाटलं, पंडिती खेळ. आता वाटत नाही.

बाबा गेले त्या रात्री सगळ्यांना कळवायचं काम माझ्याकडे होतं. कोणाला आधी फोन करायचा, काही सुचेना. शेवटी त्यांची टेलिफोनची डायरी उघडली आणि 'ए'च्या पानापासून सुरू केलं. पुढे कोण, हे मला ठरवायचं नव्हतं, डायरीच सांगत होती. 'के'पाशी आवाज फुटला. पाणी प्यायले, पुन्हा 'के'. आत्याचं नाव 'व्ही'मध्ये होतं, तिला पहाटे कळलं. त्यावरून ती अजून बोलते मला, आणि तिचं बरोबरच आहे.

विलापगीताची लयही तशीच, लंगडी. ओळीचा पहिला भाग तीन ठोक्यांचा, दुसरा बहुतेक वेळा दोनच. कार्ल बुड्डे या जर्मन अभ्यासकाने १८८२ मध्ये हे मांडलं. मोठ्याने वाचलं की दर वेळी एक पायरी कमी असल्यासारखा पाय खाली जातो. आपल्या ओवीचा शेवटचा चरण आखूड असतो, पण तिथे सूर टेकतो. इथे टेकत नाही.

अजून एक गंमत (गंमत हा शब्द आज बरा नाही, पण असो). दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या अध्यायात 'पे' हे अक्षर 'आयिन'च्या आधी येतं. आजच्या क्रमात ते नंतर असतं. कवीचा हात थरथरला असेल, अशी माझी हळवी समजूत होती. पण इस्रायलमधल्या इझ्बेत सार्ता इथल्या प्राचीन खापरावर कोणीतरी मुळाक्षरं गिरवली आहेत, तिथेही पे आधीच आहे. म्हणजे तो क्रमही तेव्हा प्रचलित होता. हात थरथरला नव्हता. समजूत सोडवत नव्हती, पण सोडली.

दुपारी मराठीत करून बघितलं. 'कशी एकटी बसलीय ही नगरी, माणसांनी भरलेली', क जमला. ख, ग, घ निभावले. ङ आला आणि वही मिटली. बाणातल्या ण पर्यंत पोचण्याची वेळच आली नाही.

पाचवा अध्याय मात्र वेगळा. कडवी मोजून बावीस, पण अक्षरांचा क्रम नाही. संख्या राहिली, आधार सुटला. आणि शेवटची ओळ अशी की पुढे शब्दच उरू नये: तू आम्हाला अगदीच टाकून दिलं आहेस का, आमच्यावर इतका कोपला आहेस का? त्या ओळीवर उठायचं नाही, अशी रीत आहे. तिच्या आधीची ओळ, 'आम्हाला तुझ्याकडे परत आण', सगळे मिळून पुन्हा म्हणतात आणि मगच थांबतात.

संध्याकाळी मीही तेच केलं. एकविसावी, बाविसावी, परत एकविसावी. मग आत्याला फोन लावला.