मॅडमना फीचं आधीच का नाही सांगितलं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. शालक विचारतो, शेजारचा मेडिकलवाला विचारतो, परवा लग्नाच्या पंगतीत हातात वरणाची बादली घेऊन मावसभावानेही विचारलं, "भो, त्या बाईला तू बापाचं सांगितलं, रात्रीचं सांगितलं, बायकोला नाही सांगितलं तेबी सांगितलं. मग फी परवडत नाही एवढं सांगायला काय झालं होतं?"

मॅडम म्हणजे जळगावच्या समुपदेशन करणाऱ्या बाई. मनातलं बोलायला मी त्यांच्याकडे जातो, बाकीचं पुन्हा उगाळत नाही.

फुकटचे रस्ते सुचवणाऱ्यांना आधी आटोपतो. टेलीमानस म्हणजे मनाच्या त्रासासाठी सरकारची फुकट फोनसेवा. तिचा १४४१६ हा नंबर २०२२ पासून चालू आहे. मी तो दोनदा रात्री लावला आणि दोन्ही वेळा समोरच्याने नीट ऐकून घेतलं. पण दर वेळी नवा माणूस, दर वेळी बापापासून सुरुवात. गोळ्या मी सिव्हिललाच घेतो, पण तिथे पाऊण तास बोलत बसायचं म्हणजे मागे रांगेत उभ्या माणसाचा वेळ खायचा. आणि विमा? मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखाच विमा द्या, असं २०१७ चा कायदा सांगतो. माझी पॉलिसी अ‍ॅडमिट झालं तरच पैसे देते, मग आजार कुठलाही असो. म्हणजे कायदा पाळलाच म्हणायचा.

तर फी ८०० रुपये, आठवड्यातून एकदा. वर पारोळ्याहून एरंडोलमार्गे एसटीचं जाणंयेणं. २०२३ च्या हंगामात बीटी कापसाच्या बियाण्याच्या पाकिटाचा सरकारी भाव ८५३ होता. एक सेशन म्हणजे जवळजवळ एक पाकीट. हसू नका, बियाणं-खतं विकणारा माणूस हिशोब असाच करतो. त्या साली कापूस घराघरात पडून होता. २०२१-२२ च्या हंगामात क्विंटलला १०,००० च्या वर गेलेला भाव लोकांच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. माल विकायचा नाही म्हणून खोल्या भरून ठेवल्या, पोराबाळांच्या अंगाला खाज सुटली तरी. भाव उतरतच गेला. त्यांचा कापूस अडला की माझी उधारी अडते, एवढं सरळ गणित आहे.

मग सांगितलं का नाही? कारण असं सांगणारी माणसं मी रोज पाहतो. माणूस दुकानात येतो, स्टुलावर बसतो, टोपी काढून गुडघ्यावर ठेवतो. पाऊसपाण्याचं बोलतो, माझ्या पोरीची शाळा विचारतो. चहा पितो. आणि उठून पायरी उतरता उतरता, पाठमोरा, म्हणतो, "भाऊ, यंदा जरा थांबा." मी थांबतो. पण तो गेल्यावर नोकराकडे पाहून जे हसतो, ते मला माहीत आहे. मॅडम माझ्यामागे तशा हसतील असं नाही. पण मला ते हसू माहीत होतं ना.

म्हणून मी बुडी मारू लागलो. एकदा लग्न होतं, एकदा आईला ताप होता, एकदा माल उतरवायचा होता. लग्न खरं होतं. तीन खाडे करून चौथ्या आठवड्याला गेलो, तर मॅडम म्हणाल्या, "वडिलांचा विषय जवळ आला की तुम्ही येणं टाळता, असं मला दिसतंय. तुम्हाला काय वाटतं?"

आणि मी हो म्हणालो.

हे मी अजून कुणाला सांगितलं नव्हतं. मला त्यांचं म्हणणं आवडलं. बापाच्या दुःखामुळे न येणारा माणूस हा गल्ल्यात पैसे नाहीत म्हणून न येणाऱ्या माणसापेक्षा बरा दिसतो. मग पुढची तीन सेशन आम्ही मी का टाळतो यावर बोललो. ८०० गुणिले ३. मी रडलोसुद्धा, आणि ते रडणं खोटं नव्हतं, हीच पंचाईत आहे.

मे महिना होता. कूलर फक्त आवाज करत होता. वेळ संपत आली तसा मी उठलो, दाराशी गेलो आणि पाठमोरा म्हणालो, "मॅडम, मला फी परवडत नाही." अगदी पायरी उतरता उतरता, टोपीवाल्यासारखं.

त्या म्हणाल्या, "बसा." मी बसलो. "किती परवडेल?"

आता हा प्रश्न दुकानदाराच्या कानांनी ऐका. मी म्हणालो, "तुम्हीच सांगा." त्या म्हणाल्या, "नाही, तुम्ही सांगा," आणि गप्प बसल्या. भाव विचारून गप्प बसायचं, हे मी गिऱ्हाइकाशी वीस वर्षं करतोय. आधी बोलेल तो हरतो. मी म्हणालो, "४००." त्यांनी मान हलवली आणि डायरीत लिहून घेतलं.

ते लिहिणं मला खाली घेऊन गेलं. एरवी त्या माझ्यासमोर काही लिहीत नाहीत. माझं नाव कुणाच्या तरी वहीत चढलं होतं. माझा बाप म्हणायचा, वहीतल्या माणसाची मान रस्त्यात आपोआप खाली जाते. त्यात मॅडमनी विचारलं, "हे सांगताना कसं वाटलं?" मला असा राग आला! वाटलं, आता याचंही मीटर सुरू. तेव्हा मेडिकलवाल्याला मी सांगितलं होतं की ही सगळी पैशाची माणसं. तो अजून माझं तेच वाक्य मला ऐकवतो. आज मी तसं म्हणणार नाही. पण तेव्हा चुकीचं बोललो, असंही मला धड म्हणवत नाही. निम्मी फी घेणाऱ्या बाईला पैशाचं माणूस म्हणणं हा नालायकपणा आहे, आणि माझा राग निम्मा झाला नव्हता.

आई घरी विचारायची, "तठे जाईसन काय करस तू? बोलाना पैसा लागतस?" निम्मे झाल्याचं सांगितलं तर म्हणाली, "मंग निम्मंच बोलत जाय." तिने गमतीत म्हटलं, मी तसंच केलं. ४०० झाल्यापासून मी मॅडमवर चिडलो नाही. पाच मिनिटं आधी पोचायचो. "या आठवड्यात बरं गेलं" असं स्वतःहून सांगायचो, बरं गेलं नसलं तरी. पोरीसाठी नवा मोबाइल घेतला तो दिवसभर पिशवीच्या तळाशी ठेवला, टेबलावर दिसायला नको म्हणून.

एक गिऱ्हाईक आहे, तीन वर्षांची बाकी. दुकानासमोरून न जाता मागच्या गल्लीने जातं. त्याला मी चारचौघांत बेईमान म्हटलंय. ते तीन खाडे म्हणजे माझी मागची गल्लीच होती, हे कळायला मला फार वेळ लागला नाही. म्हणून त्याची बाकी सोडली असं समजू नका. सोडली नाही. फक्त नोकराकडे पाहून हसत नाही, तेही आठवलं तर.

आता शालकाचा पुढचा प्रश्न मला माहीत आहे. गेल्या दिवाळीनंतर वसुली बरी झाली, एकदोघांनी तर व्याजासकट दिलं. ८०० देता येतील, निदान ६०० तरी. दर मंगळवारी एसटीत बसताना ठरवतो की आज सांगायचं. एरंडोल येईपर्यंत ठाम असतो.

काल मंगळवार होता. ४०० देऊन आलो.