समोरची प्लेट

रविवार, रात्री उशिरा

ताईचं इकडे इटलीत, बोलोन्याला येणं रद्द झालंय हे मला गुरुवारीच कळलं होतं आणि त्याचं काय रडायचं ते मी तेव्हाच रडून घेतलं होतं. मग आज दुपारी एवढं का लागलं ते कळेना, म्हणून लिहायला बसलेय.

तसं झालं काहीच नाही. जेवायला गेले, वेटरने विचारलं एकटीच का, मी हो म्हटलं, तर त्याने समोरची प्लेट, काटा-सुरी, ग्लास सगळं एका हातात गोळा केलं आणि घेऊन गेला. सगळीकडे असंच करतात, त्यांना टेबलावर जागा लागते, तो हसलासुद्धा छान. पण मला एकदम आवंढाच आला.

घरी जे चाललंय त्यात ती येणार तरी कशी, हे मला कळतं. त्यावर आज नाही लिहीत.

प्लॅन मात्र तिच्यासाठी ठरवलेला तसाच्या तसा केला. सकाळी सान लूका, म्हणजे टेकडीवरचं देऊळ. पोर्टिकोखालूनच, म्हणजे खांब-कमानींच्या झाकलेल्या वाटेनेच चालत सुटायचं, जवळजवळ चार किलोमीटर, 666 कमानी, टेकडीच्या पायथ्याच्या मेलोन्चेल्लो कमानीपर्यंत सपाट आणि मग पायऱ्या आणि चढ आणि परत पायऱ्या, पोटऱ्या भरून येतात. चालताना सगळा वेळ मी मनात ताईला सांगत होते, की बघ, 1433 साली इथे पाऊस थांबेना, पिकं जायची वेळ आली, तेव्हा वरच्या देवळातली मरियमेची तसबीर मिरवणुकीने खाली शहरात आणली आणि पाऊस थांबला अशी लोकांची श्रद्धा, तेव्हापासून ती दरवर्षी खाली येते, आणि ती मिरवणूक पावसात भिजू नये म्हणून 1674 पासून हा एवढा लांब रस्ता लोकांनी वर्गण्या काढून झाकून टाकला. केवढी माया लागते असं काही बांधायला! हे मी मोठ्याने कुणाला तरी सांगायला हवं होतं. फोटो ग्रुपवर टाकले, आत्याने अंगठा दिला, आईने विचारलं जेवलीस का.

तर जेवण. ताईला मांस चालत नाही आणि बोलोन्यात हा मोठाच प्रश्न आहे, इथलं प्रेम सगळं रागूवर (मांसाचा रस्सा) आणि मोर्तादेल्लावर (डुकराच्या मांसाचं सॉसेज), साध्या दिसणाऱ्या तोर्तेल्लिनीच्या, त्या भरलेल्या छोट्या पास्त्याच्या, पोटातही डुकराचं मांस असतं. म्हणून मी हुडकून ठेवले होते तोर्तेलोनी, आकाराने मोठे, आत रिकोत्ता चीज, वरून लोणी आणि सेजची पानं. मला स्वतःला ताल्यातेल्ले अल रागूच, म्हणजे रागू घातलेला पट्ट्यांचा पास्ताच हवा असतो एरवी. (त्या पट्टीची रुंदीसुद्धा इथे ठरलेली आहे, शिजल्यावर 8 मिलिमीटर, 1972 साली चेंबर ऑफ कॉमर्समध्ये रीतसर नोंदवलीय. खाण्याबद्दल इतकी गंभीर माणसं मला फार आवडतात.) तरी मागवले तोर्तेलोनीच. फार सुंदर होते आणि मला नीट गिळता येईनात. समोर नुसता टेबलक्लॉथ. बाजूच्या टेबलावर आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळं घर बसलेलं, एकमेकांच्या ताटातलं उचलून खात होते. बिल आलं, त्यावर कोपेर्तो, म्हणजे माणशी बसण्याचा आकार, एकाचाच. आपण एकटे आहोत हे इतक्या वेळा लिहून का देतात?

एकटीने जेवायची सवय नाही असंही नाही. रोजच जेवते. रोज काही वाटत नाही. बहुतेक त्या प्लेटमुळे दोन मिनिटं तरी ती येणार आहे असं वाटलं होतं, आणि ती उचलली तेव्हा तिचं न येणं डोळ्यांना दिसलं. फोनवर नुसतं ऐकलं होतं.

नंतर पाऊस आला. आसिनेल्ली मनोऱ्यापाशी गेले, म्हणजे कुंपणापर्यंत. डिग्री मिळायच्या आधी वर चढलं तर डिग्री मिळत नाही असं इथले विद्यार्थी मानतात, मीही मानत आले. शेजारचा कललेला गारिसेन्दा मनोरा धोकादायक झाला म्हणून 2023 च्या ऑक्टोबरात सगळाच भाग बंद केला. आईने दिलेला अंगारा अजून पाकिटात आहे, तो मी हातात धरून उभी राहिले थोडा वेळ.

मग स्त्रादा माज्जोरे रस्त्यावर, कोर्ते इसोलानी या जुन्या घराच्या लाकडी खांबांखाली. तेराव्या शतकातले ओकचे खांब, नऊएक मीटर उंच. छत्री नव्हती तरी केससुद्धा भिजला नाही. बाबा व्हीटीला उतरून डी. एन. रोडच्या कमानींखालून ऑफिसला जायचे, जुलैतही शर्ट कोरडा राहतो म्हणून कौतुकाने सांगायचे. बाबांना हे फार आवडलं असतं.

आणि तिथे उभं असताना आठवलं की हे पोर्टिको आलेच मुळी आम्हा विद्यार्थ्यांमुळे. युनिव्हर्सिटी 1088 ची, बाहेरून पोरं येत राहिली, खोल्या पुरेनात, म्हणून लोकांनी वरचे मजले रस्त्यावर पुढे काढले आणि खालून खांब दिले. मग 1288 मध्ये शहराने कायदाच केला की नवीन घराला पोर्टिको हवाच. जागा घरमालकाची, दुरुस्तीही त्याचीच, पण खालून चालायचा हक्क सगळ्यांचा. कुठून कुठून आलेली पोरं असणार ती, आल्प्सपलीकडून पायी वगैरे आलेली, तेव्हा ना फोन ना काही, त्यांच्या घरचं कोण येणार होतं बघायला? त्यांना खोल्या लागल्या आणि त्यातून 62 किलोमीटरचं छप्पर झालं. माझीही खोली अशीच पोर्टिकोवर पुढे काढलेली आहे, खालून जाणाऱ्यांचे आवाज येतात रात्रभर, आत्ताही येतायत. एरवी त्रास होतो. आज बरं वाटतंय.

प्लेटचं अजून थोडं दुखतंय. राहू दे.

ताईला आत्ता मेसेज टाकला की सप्टेंबरचं बघ, आणि दुपारचं सान पेत्रोनियो चर्चसाठी मोकळं ठेव. आत जमिनीवर कास्सिनी या खगोलशास्त्रज्ञाने 1655 साली आखलेली रेघ आहे, जवळजवळ 67 मीटरची, छताच्या भोकातून ऊन आत येतं आणि बरोब्बर माध्यान्हीला त्या रेघेवर पडतं. उन्हाळी घड्याळाने ते सव्वाच्या आसपास होतं, म्हणजे एकलाच जाऊन उभं राहायचं. जेवण त्यानंतर. तोर्तेलोनी चांगले आहेत, मी खाऊन बघितलेत, तुला लोणी जरा जास्त वाटेल.