उजव्या हातातलं घड्याळ

मे महिन्यात दुपारी एक ते चार सोलापूरच्या नवी पेठेत माणूस दिसत नाही. पारा ४३ला टेकलेला, निम्म्या दुकानांची शटरं अर्धी ओढलेली. अशा वेळी येणारं गिऱ्हाईक एकतर नडलेलं असतं, नाहीतर पंख्याखाली दोन मिनिटं बसायला आलेलं असतं. मावशी नडून आल्या होत्या.

पदराची गाठ सोडून त्यांनी काउंटरवर घड्याळ ठेवलं. "मालक, बघा की ह्याला काय झालं. परवापासनं डोळाच उघडंना."

चौकोनी तबकडीचं, रबरी पट्ट्याचं फिटनेस घड्याळ. पट्ट्याच्या भोकाभोकांत ज्वारीचं पीठ. मावशींना मी ओळखत होतो, आमच्या घरी कडक भाकऱ्या त्यांच्याकडूनच येतात. पहाटे चारला तवा चढतो तो दहा-साडेदहाला उतरतो. दिवसाला दीडशे भाकरी, लग्नसराई किंवा गड्ड्याची यात्रा असली की दोनशेच्या वर. हाताखाली एक सून आणि शेजारची एक बाई.

पोरगा पुण्याला. गेल्या वर्षी मावशींना शुगर निघाली, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, तेव्हा त्यानं हे ऑनलाइन मागवून धाडलं. घड्याळ मावशींच्या फोनला जोडलेलं, आणि तेच खातं त्यानं स्वतःच्या फोनवरही उघडून ठेवलेलं. आई किती चालली, किती झोपली, हे त्याला तिकडं बसून दिसायचं. घड्याळ बंद पडल्यापासून त्याचे दिवसाला तीन फोन.

"कंपनीच्या सेंटरला गेलता का?"

"गेलते की. बिल बघितलं, म्हणला वॉरंटी संपून सतरा दिवस झाले. दुरुस्त होत नाही म्हणला. नवीन घेतलं तर सूट देतो म्हणला."

हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो. त्या काउंटरवरच्या पोराचा दोष नाही. त्याच्याकडं सुटे भागच येत नाहीत, तो तरी काय दुरुस्त करणार? अख्खं घड्याळ बदलून द्यायचं, नाहीतर हात वर करायचे, एवढंच त्याच्या हातात असतं.

मावशी पुढं म्हणाल्या, की चार्जिंग टिकत नाही हे त्यांनी फेब्रुवारीतच फोन करून सांगितलं होतं. तेव्हा वॉरंटी चालू होती. पलीकडच्यानं बंद करून चालू करायला सांगितलं आणि फोन ठेवला. तक्रारीचा नंबर? "तसलं काय दिलं नाही बघा."

इथं मला हळहळ वाटली. बिघाड वॉरंटीत असतानाच सुरू झाला, हे कागदावर असतं तर मावशींना भांडायला जागा होती. मी त्यांना १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर लिहून दिला. २०१९च्या ग्राहक कायद्यात जिल्हा आयोगाकडं तक्रार करायला दोन वर्षांची मुदत आहे, पाच लाखांपर्यंतच्या मालाला फीसुद्धा नाही, हेही सांगितलं.

"दोन वर्षं? तेवढ्यात मी लाखभर भाकरी थापंन."

"दोन वर्षं लागतात असं नाही मावशी, दोन वर्षांच्या आत..."

"ऱ्हाऊ द्या. तुम्ही उघडून बघा."

उघडून बघा. माझ्या वडलांच्या वेळी ही सोपी गोष्ट होती. ते याच दुकानात बसायचे, डोळ्याला भिंग लावून. एचएमटीचं चावीचं घड्याळ आलं की मागचं झाकण काढायचं, चाकं पेट्रोलमध्ये धुवायची, तेल द्यायचं, बंद करायचं. झाकण काढायची त्यांची चावी अजून माझ्या खणात आहे. फिटनेस घड्याळाला ती लावायला जागाच नाही. ना स्क्रू, ना खाच. काच डिंकानं चिकटवलेली, आणि तिच्याखाली केसाएवढ्या जाडीची पट्टी मदरबोर्डाला जोडलेली. काच जरा जोरात उचलली की पट्टी तुटली, आणि पट्टी तुटली की घड्याळ कायमचं गेलं. बनवणाऱ्यानं ते उघडावं म्हणून बनवलेलंच नाही.

म्हणून मी उघडायचं टाळलं. मागं चार्जिंगच्या दोन पिना असतात, त्यांच्यावर पांढरट थर दिसत होता. घामाचं मीठ आणि वर पिठाचा लेप. सोलापुरात उन्हाळ्यात येणारी निम्मी 'मेलेली' घड्याळं ही अशीच असतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून मऊ ब्रशनं पिना घासल्या, चुंबकाचा चार्जर लावला, मिनिटभरात बॅटरीचं चित्र उगवलं. मावशींचा चेहरा उजळला. मी शंभर रुपये घेतले आणि स्वतःवर खूश होऊन चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मावशी परत दारात. या वेळी घड्याळ वाटीत होतं, पाण्यातून मासा आणावा तसं लांब धरलेलं.

"मालक, हे फुगलंय."

काच एका बाजूनं चांगली दोन मिलिमीटर उचलली होती. फटीतून आतली चंदेरी पिशवी दिसत होती, टम्म. बॅटरी फुगली होती. आणि ती रात्रीत फुगलेली नव्हती. आदल्या दिवशी मी घड्याळ आडवं धरून नजर टाकली असती तर काचेच्या कडेला नख जाईल एवढी फट तेव्हाही दिसली असती. मी पिनांवरचं मीठ बघितलं आणि तिथंच थांबलो. फुगत चाललेल्या सेलला मीच चार्जिंग लावून दिलं होतं, आणि मावशी ते मनगटावर घालून झोपल्या होत्या.

लिथियमचा सेल ४.२ व्होल्टला भरतो. उष्णतेनं आतलं रसायन फाटायला लागलं की त्यातून वायू सुटतो आणि पिशवी फुगते. बहुतेक वेळा नुसती फुगतेच. पण टोचली, वाकली किंवा आत शॉर्ट झाली तर पेटते. मावशींना मी हे सगळं सांगितलं, कालची चूक माझी होती हेही सांगितलं, आणि शंभराची नोट परत केली. त्यांनी ती घेतली नाही. "आधी नीट करा, मग हिशोब."

एरवी डिंक मऊ करायला मी घड्याळ गरम प्लेटवर ठेवतो. फुगलेल्या सेलला उष्णता दाखवायची नाही, म्हणून तो मार्ग बंद. फटीतून अल्कोहोलचे थेंब सोडत, पातळ प्लॅस्टिकचं पान कडेकडेनं फिरवत गेलो. लोखंडी पात्याला हातसुद्धा लावला नाही. पायाशी वाळूचा डबा. पाऊण तास पंखा बंद, कारण वाऱ्यानं अल्कोहोल उडून जातं. घाम नाकावरून टपकत होता आणि मावशी पदरानं मला वारा घालू लागल्या. मी म्हणालो, मावशी, तोही वाराच की! तेव्हा थांबल्या.

काच सुटली, पट्टी वाचली. सेल काढून वाळूत ठेवला. सेलवर सहा आकडे छापलेले असतात, त्यातच त्याची मापं असतात. ४०२५२५ म्हणजे चार मिलिमीटर जाड, पंचवीस रुंद, पंचवीस लांब. कंपनी सेल विकत नाही, पण मापाचा सेल बाहेर मिळतो. तो मागवला. यायला चार दिवस.

तेवढ्यात मला एक प्रश्न पडला होता. अशी घड्याळं वर्षाला पाच-पन्नास हातांखालून जातात. दोन-अडीच वर्षांनी फुगलेली पुष्कळ बघितली, वर्षभरात इतकी फुगलेली क्वचित.

"मावशी, हे कुठल्या हातात घालता?"

त्या गप्प झाल्या. मग हसल्या. "उजव्या."

"आणि भाकरी?"

"उजव्याच की."

खरं बाहेर यायला वेळ लागला नाही. पहिल्या महिन्यात घड्याळ डाव्या हातात असायचं. दिवसाला दीड-दोन हजार पावलं भरायची, आणि संध्याकाळी पोराचा फोन: आई, चालत नाहीस तू. एकदा डाव्या मनगटाला चटका बसला म्हणून त्यांनी घड्याळ उजव्यात घातलं, तर दुपारी बघतात तो सात हजार. भाकरी थापताना हात एका लयीत खाली-वर होतो, आतल्या सेन्सरला ती लय कळते, आणि तो तिला चालणं समजतो. (मी नंतर घड्याळ घालून काउंटरवर थापटून बघितलं. माझ्या शंभर थापांत तीसेक पावलं पडली. मावशींचा हात सरावाचा.) तेव्हापासून घड्याळ उजव्यातच. पोरगा खूश, डॉक्टरांना आकडा दाखवला तर तेही खूश. शुगर काही उतरली नव्हती, आणि डॉक्टर गोळ्या बदलत होते.

आणि तोच हात दिवसाला दीडशे वेळा तापल्या तव्यावर जात होता. भाकरी टाकायची, पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची. हे सेल ४५ अंशांच्या वर चार्जसुद्धा करू नयेत. इथं तव्याची धग, खाली जाळ, वर मे महिना. काम उरकल्यावर त्या घड्याळ तापलेलंच चार्जिंगला लावायच्या, तेही तव्याशेजारच्या प्लगला. मग सेल फेब्रुवारीत दमला यात कंपनीचा किती दोष आणि भाकरीचा किती, हे मला सांगता येणार नाही. काल मी त्यांना आयोगाकडं धाडत होतो हे आठवून जरा ओशाळलो.

सेल आला. टाके घातले, चार्ज करून तासभर सेलवर बोट ठेवून बसलो, गरम होईना. कडेला काळा डिंक फिरवून काच बसवली, रबर बँडांनी आवळून एक दिवस ठेवली. मागं 'पाच एटीएम' लिहिलेलं होतं, म्हणजे कारखान्यातून निघताना पन्नास मीटर पाण्याचा दाब सोसेल एवढी बंद. माझ्या हातून निघताना ती खात्री संपली. बिलावर मी मोठ्या अक्षरात लिहिलं: पाणी चालणार नाही. अंघोळीला काढायचं, कणीक मळताना काढायचं. सेल साडेतीनशे, मजुरी दीडशे. पहिले शंभर मी वळते करून घेतले.

संध्याकाळी मावशी आल्या. त्यांच्या फोनला जोडून वेळ-तारीख लावली. पण मला लगेच द्यायचं नव्हतं. एकदा घाई केली होती, पुन्हा नको. "दोन दिवस माझ्या हातात राहू द्या. रात्री घालून झोपतो. तापलं तर माझं मनगट तापू दे."

दोन दिवस घातलं. घरात बायको हसली, पोरगी म्हणाली बाबांना शोभतंय. सेल उत्तम, दोन दिवसांत पाव टक्कासुद्धा शंका येईल असं काही नाही. तिसऱ्या दिवशी मावशी घेऊन गेल्या, डाव्या हातात घालून. तव्यापाशी काढून ठेवायचं कबूल केलं, पण जाताना पायरीवर थांबून विचारलंच, "मग पावलं कुठनं आणू मालक?" मी सिद्धेश्वर तळ्याकडं हात केला. भाकऱ्या संपल्या की संध्याकाळी एक चक्कर.

रात्री साडेनऊला फोन. मावशी.

मला वाटलं परत फुगलं. छातीत धस्स झालं.

"मालक, पोराचा फोन आलता. लई घाबरलाय. म्हणला आई, दोन दिवस तू नुसती बसून होतीस, आठशे पावलं, अन् रात्री दोन-दोनदा उठलीस, झोप चार तास. उद्याच्या उद्या डॉक्टरकडं जा म्हणला."

घड्याळानं माझे दोन दिवस साठवून ठेवले होते आणि फोन जवळ येताच मावशींच्या नावावर जमा केले होते.

"मग सांगितलं का त्याला, माझे आहेत म्हणून?"

"सांगितलं की. तर म्हणला, मग त्या मालकांना धाड डॉक्टरकडं." पलीकडं सून हसत असल्याचं ऐकू येत होतं. "उद्या पाचला तळ्यावर या. दिवसाला आठशे पावलं म्हणजे, मालक, तुम्ही दुकानातनं उठता तरी का?"