सात नळ्या रक्त आणि एक काउंटर

वजन उतरवायचं गॅस्ट्रिक बायपासचं ऑपरेशन कसं झालं, विमा कसा मंजूर झाला, यावर मी काही लिहिणार नाही. ते सगळं सुरळीत पार पडलं. 2021 साली पुण्यात ऑपरेशन, चौथ्या दिवशी साताऱ्यात घरी, दीड वर्षात 118 किलोंवरून 76. लिहायचंय ते त्यानंतरच्या आठ महिन्यांबद्दल, आणि खरं सांगायचं तर एका लॅबच्या काउंटरबद्दल. अजून त्या रस्त्याने जाताना माझ्या कपाळावर आठी पडते.

आधी थोडं शरीरशास्त्र, कारण त्याशिवाय माझा राग कळणार नाही. जठराच्या खालच्या टोकाला एक झडप असते. ती अन्न थोडं थोडं करून आतड्यात सोडते. बायपासमध्ये वरच्या बाजूला अंड्याएवढी पिशवी ठेवतात आणि ती थेट लहान आतड्याला जोडतात. झडप वाटेतून बाद. मग गोड, पातळ असं काही खाल्लं की डंपर मागून उचलून खडी ओततो तसं ते आतड्यात ओतलं जातं. डंपिंग म्हणतात ते हेच. त्याचे दोन प्रकार आहेत. पहिला जेवणानंतर दहा मिनिटं ते अर्ध्या तासात येतो: ते घट्ट गोड पातळ करायला आतडं रक्तातलं पाणी ओढून घेतं, पोट मुरडतं, छाती धडधडते, जुलाब होतात, आडवं पडावंसं वाटतं. दुसरा तासाभराने ते तीन तासांनी येतो: साखर रक्तात एकदम चढते, तिला आवरायला इन्शुलिन भरमसाट सुटतं, आणि साखर नको तितकी खाली कोसळते.

पहिल्याची ओळख मला चौथ्या महिन्यातच झाली. पाहुण्यांनी आग्रहाने कंदी पेढा दिला, मी साताऱ्याची, नाही कसं म्हणणार? पंधराव्या मिनिटाला मी त्यांच्या बेडरूममध्ये आडवी आणि यजमानीण पंख्याचं बटण शोधतेय. पण त्याची कल्पना आहारतज्ज्ञ बाईंनी आधीच दिली होती. धडा घेतला, पेढा सोडला, विषय संपला.

दुसऱ्याची कल्पना कुणी दिली नव्हती. किंवा दिली असेल, पण ऑपरेशननंतरच्या त्या गुंगीत माझ्या डोक्यात शिरली नसेल. तो आला तब्बल दीड वर्षाने, सगळं छान चाललेलं असताना. सकाळी साडेसातला पोहे आणि चहा घेऊन शाळेत जायचे. दहाच्या सुमारास तिसऱ्या तासाला फळ्यावरची अक्षरं हलायला लागायची. हात थरथर, ब्लाउज घामाने ओला, भूक अशी की खडू खाईन. आणि चिडचिड. एका मुलीला मी एकच प्रश्न लागोपाठ तीनदा विचारला, वर तिलाच रागावले. शेजारच्या वर्गातल्या बाई धावत येऊन लिंबू सरबत द्यायच्या. दहा मिनिटांत बरं वाटायचं, आणि दीड तासाने पुन्हा तेच. सरबताची साखरच पुढच्या झटक्याची तयारी करत होती, हे मला फार उशिरा कळलं.

आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, “मॅडम, वय बघा की. पाळी जायच्या दिवसांत घाम यायचाच.” उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी अशी साखर तपासली. 86 आणि 82. “एकदम नॉर्मल!” आठ महिन्यांत हे तीनदा झालं. नवरा म्हणायला लागला, “टेन्शन घेऊ नकोस.” टेन्शन त्याच्या या वाक्याचंच यायचं.

शेवटी पुण्याला सर्जनकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सिगस्टॅड नावाच्या डॉक्टरांनी 1970 साली केलेला एक तक्ता काढला. लक्षणांना गुण द्यायचे: आडवं पडावंसं वाटतं, चार. धडधड, तीन. घाम, एक. उलटी झाली तर उलट चार वजा! सातच्या वर बेरीज गेली की डंपिंगचा संशय घ्यायचा. मला अकरा पडले. शाळेत कधी इतक्या पटकन पास झाले नव्हते. त्यांनी चिठ्ठी लिहिली: जीटीटी, म्हणजे रात्रभर उपाशी राहून 75 ग्रॅम ग्लुकोज प्यायचं, आधी एक आणि मग दर अर्ध्या तासाला एक अशी तीन तास साखर तपासायची. एकूण सात नमुने. सोबत नाडी, रक्तदाब आणि रक्ताचा पीसीव्ही, म्हणजे रक्तात लाल पेशी किती टक्के ते. “साताऱ्यातच करून घ्या, साधी तपासणी आहे.”

साधी!

पहिल्या दिवशी काउंटरवरच्या मुलीने चिठ्ठी बघितली, कीबोर्ड बडवला आणि स्क्रीनवरून नजर न काढता विचारलं, “पेशंट प्रेग्नन्ट आहे का?” माझं वय 46. मी म्हटलं, नाही बाई. ती म्हणाली, “मग जीटीटी नाही होणार. ती फक्त प्रेग्नन्ट लेडीजची असते.” मी चिठ्ठीवर बोट ठेवून सांगितलं की ही वेगळ्या कारणासाठी आहे. तिने आतल्या एकीला विचारलं, तिने फोनवर कुणाला तरी विचारलं. तोवर नऊ वाजले, मी रात्रीपासून उपाशी. निकाल आला: “ताई, सिस्टीममध्ये सात सॅम्पलचं ऑप्शनच येत नाही. फास्टिंग आणि पीपी करून देऊ का?” म्हणजे उपाशीपोटी आणि जेवणानंतर, पुन्हा तेच दोन आकडे. मी घरी गेले.

दुसऱ्या खेपेला आदल्या दिवशी फोन करून खात्री करून घेतली. “हो हो, होतं, या.” गेले. ग्लुकोज प्यायले, पहिल्या तासाला रक्त घेतलं, दुसऱ्या तासाला घेतलं, आणि ती मुलगी म्हणाली, “झालं, संध्याकाळी रिपोर्ट न्या.” मी म्हटलं, अजून तास बाकी आहे. “आमच्याकडे दोन तासांपर्यंतच असतं.” मी वाद घातला, पण वाद घालायला लागते ती साखर माझ्यात उरली नव्हती. बिलाच्या रांगेतच भिंत धरून खाली बसले. कुणीतरी पाणी दिलं. “उपाशी आहेत ना, म्हणून,” असं तिथलाच एकजण म्हणाला. त्या क्षणी कुणी माझ्या बोटातून एक थेंब घेतला असता तरी आठ महिन्यांचं कोडं तिथेच सुटलं असतं. ग्लुकोमीटर काउंटरच्या मागच्या कपाटात दिसत होता. पण तो “होम व्हिजिटचा” होता. मी 46 वर्षांची मास्तरीण त्या दिवशी रिक्षात बसून रडले. संध्याकाळचा रिपोर्ट अर्थातच नॉर्मल.

तिसऱ्या खेपेला दुसरीकडे, एका हॉस्पिटलमध्ये गेले. तिथे म्हणाले, तीन तास पेशंट बसणार म्हणजे डे केअर, म्हणजे ॲडमिशन, म्हणजे डिपॉझिट. ते भरायची माझी तयारी होती, पण ॲडमिशन द्यायला त्यांचे डॉक्टर हवेत आणि डॉक्टर गुरुवारी येतात. तो मंगळवार होता.

तपासणी झाली ती शेवटी एका जुन्या, दोन खोल्यांच्या लॅबमध्ये. तिथल्या काकांनी चिठ्ठी दोनदा वाचली, चष्मा वर केला आणि म्हणाले, “वेळ महत्त्वाची आहे ना? मग मी अलार्म लावतो.” सात वेळा टोचायला नको म्हणून हातात एकच सुई लावून ठेवली. साखरेच्या नळ्या राखाडी झाकणाच्या, पीसीव्हीच्या जांभळ्या, प्रत्येकीवर वेळ लिहून ओळीने मांडल्या. रिपोर्ट असा: 84, 212, 178, 121, 82, 47, 58. दोन तासांना 82, आणि त्यानंतर अर्ध्याच तासात 47! आठ महिने सगळे मला ज्या ठिकाणी मोजत होते तिथे मी नॉर्मलच होते. 47 चा आकडा बघून काका घाबरले, मी मात्र हसत होते. पहिल्या अर्ध्या तासात नाडी 76 वरून 98 वर गेली होती, म्हणजे पहिल्या प्रकारची खूणही कागदावर आली.

तुम्हाला ही तपासणी सांगितली तर आधी फोनवर एवढंच विचारा: तिसऱ्या तासाचा नमुना कोण घेणार? उत्तर देताना समोरचा अडखळला तर तिथे जाऊ नका. सोबत माणूस न्या आणि गाडी स्वतः चालवू नका, साखर मुद्दाम पाडायचीच तपासणी आहे ही. सगळेच डॉक्टर ग्लुकोज पाजत नाहीत, काही ठरावीक नाश्ता देऊन मोजतात. ग्लुकोमीटर घरात हवाच, झटका आला की काही खाण्याआधी बोटाला टोचून आकडा वहीत लिहायचा. मी हे पहिल्या आठवड्यात केलं असतं तर ते काउंटर माझ्या आयुष्यात आलंच नसतं. दंडावर चिकटवायचा चौदा दिवसांचा सेन्सरही मिळतो, मी एकदा लावला. पोह्यांनंतरचा आलेख अजिंक्यतारा किल्ल्यासारखा दिसला: तुटलेला चढ, तुटलेला उतार.

पोहे गेले. आता सकाळी दोन अंडी किंवा पनीर घातलेलं मुगाचं धिरडं. जेवताना आधी अंडं, उसळ किंवा पनीर, मग भाजी, आणि भाकरी शेवटी, तीही चतकोर. दिवसातून सहा वेळा, वाटीएवढंच. जेवताना पाणी नाही, आमटी नाही, ताक अर्ध्या तासाने. आमटीवाचून जेवण हे मला अजून पटलेलं नाही, पण सासूबाई वरण आता पळी उभी राहील इतकं घट्ट करतात. चहा बिनसाखरेचा, रसवंतीकडे बघायचंही नाही. पहिल्या प्रकारचा त्रास झालाच तर अर्धा तास आडवं पडते, बरं वाटतं. शाळेत ते जमत नाही, म्हणून शाळेत जेवताना जास्त शहाणी असते.

एवढं करूनही महिन्याला दोन-तीन झटके येत होते, म्हणून डॉक्टरांनी अकार्बोजची गोळी दिली. ती पहिल्या घासाबरोबर घ्यायची. पिठूळ पदार्थ आणि साखर फुटायचा वेग ती कमी करते. त्याने पोटात वारा फार धरतो. वर्गात त्याचं काय होतं ते विचारू नका. गेल्या तीन महिन्यांत एकच झटका आलाय.

आणि हे मघाशीच सांगायला हवं होतं: ही गोळी चालू असताना साखर खाली गेली तर घरची साखर, पेढा, सरबत यांचा पटकन उपयोग होत नाही, कारण गोळी तीच साखर फुटू देत नाही. ग्लुकोज पावडरच लागते, तीन चमचे, मग पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, आणि साखर वर आली की मूठभर दाणे किंवा पनीर, नाहीतर परत घसरगुंडी. माझ्या पर्समध्ये एका डबीत पावडर असते आणि डबीवर चिठ्ठी चिकटवलीय: ‘सरबत नको. हे द्या.’ शेजारच्या वर्गातल्या बाईंना ती पाठ आहे, तरी त्या सरबताचं भांडं घेऊनच येतात.