मारुती 800 चं इंजिन, खारपाणपट्ट्यातलं: जॅकेटच्या सफाईपासून रिंगांपर्यंत

इंजिन 796 सीसीचं, तीन सिलिंडर, कार्ब्युरेटरवालं. गाडी दर्यापूरकडची, म्हणजे जमिनीतलं पाणी खारं असलेल्या ऐन खारपाणपट्ट्यात चाललेली. तक्रारी दोन: गरम होणं आणि निळा धूर. इंजिन उतरवून पूर्ण खोललं आहे. आता मापं, सफाई आणि खालची बांधणी.

सुरुवात पाण्याच्या बाजूने. ब्लॉकचे वेल्श प्लग (पाण्याच्या वाटेवरची पत्र्याची झाकणं) ठोकून काढल्यावर तिसऱ्या सिलिंडरभोवतीचं जॅकेट, म्हणजे पाणी फिरण्याची पोकळी, पांढऱ्या-राखी थराने जवळपास बुजलेलं दिसलं. पूर्णेच्या खोऱ्यात बोअरवेलचं पाणी रेडिएटरमध्ये गेलं की हे ठरलेलंच. पाण्यातले क्षार गरम भिंतीवर बसतात आणि उष्णता पाण्यापर्यंत पोहोचूच देत नाहीत. हा थर तसाच ठेवून नवे रिंग-पिस्टन टाकले तर तेही जळणार. म्हणून आपल्या भागात सिलिंडरच्या बोअरच्या (आतल्या भोकाच्या) आधी जॅकेट बघा.

सुटलेला थर वाकवलेल्या तारेने खरवडला. उरलेल्यासाठी लिंबूसत्त्व, एका लिटर गरम पाण्याला 100 ग्रॅम. बुडबुडे थांबले की पाणी बदलायचं, शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवायचं. संडास साफ करायचं ॲसिड अजिबात वापरू नका, ते ब्लॉकचं बीडही (ओतीव लोखंड) खातं. हेड ॲल्युमिनियमचं, ते या पाण्यात बुडवून ठेवायचं नाही. धुण्याचा सोडाही त्याला चालत नाही, काळं पडून खड्डे पडतात. हेडला साबण आणि नायलॉनचा ब्रश पुरे.

हेडवर सरळ पट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवून खालच्या फटीत फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) घातला. मधोमध 0.09 मिमी गेला. मर्यादा 0.05, त्यामुळे फेसिंग (पृष्ठभाग घासून सपाट करणं) करावंच लागलं. पाण्याच्या भोकांच्या कडा खाल्लेल्या आहेत, पण खड्डे पॅकिंगच्या फायर रिंगखाली (सिलिंडरभोवतीच्या धातूच्या कड्याखाली) पोहोचलेले नाहीत. पोहोचले असते तर आधी आर्गन वेल्डिंग, मग फेसिंग. लेथवाल्याला ‘साफ होईल तेवढंच काढ’ असं स्पष्ट सांगायचं. जास्त काढलं की कॉम्प्रेशन वाढतं आणि इंजिन ठोकायला लागतं.

मूळ बोअर 68.50 मिमी. तिसऱ्यात वरच्या भागात 0.14 चा फरक आणि उभे ओरखडे. 0.25 ओव्हरसाइझमध्ये (बोअर तेवढा मोठा करून) ओरखडे जात नव्हते, म्हणून तिन्ही 0.50 ला, म्हणजे 69.00 वर. पिस्टन आधी विकत घ्या आणि लेथवर सोबत द्या. प्रत्येक पिस्टन मोजून त्याच्या मापाने बोअर झाला पाहिजे. नुसता आकडा सांगून आलात तर क्लिअरन्स (पिस्टन आणि बोअरमधली फट) नशिबावर.

होनिंगनंतरची (बोअरला दगडाने बारीक रेघा पाडल्यानंतरची) धुलाई बहुतेक जण रॉकेलवर उरकतात. रॉकेलने तेल निघतं, दगडाची बारीक कणी रेघांतच राहते आणि नव्या रिंगा तीच घासत बसतात. गरम पाणी, कपड्याचा साबण, ताठ ब्रश. पांढरं फडकं फिरवून पांढरंच बाहेर येईपर्यंत हे चालू ठेवायचं. शेवटचं पाणी मात्र आरओच्या जारचं घ्या. खारं पाणी ताज्या बोअरवर सुकलं की बघता बघता तांबूस जंग चढतो. पुसलं की लगेच इंजिन ऑइलचा हात.

रिंग बोअरमध्ये टाकून उलट्या पिस्टनने सरळ खाली ढकलली आणि तिच्या दोन टोकांमधला गॅप मोजला. डब्यातून काढलेली एक वरची रिंग 0.10 निघाली. एवढ्या कमी गॅपवर तापल्यावर टोकं भिडतात, रिंग तुटते आणि बोअर पुन्हा लेथवर. बारीक कानशीने बाहेरून आत, एकाच टोकावर घासून 0.25 केला. खूण असलेली बाजू वर ठेवून, टोकं एकाखाली एक येऊ न देता रिंगा चढवल्या.

ब्लॉकमधल्या हेड बोल्टच्या भोकांतलं तेल-पाणी हवेने उडवून टाका. तळ बंद असलेल्या भोकात ते राहिलं तर बोल्ट पिळताना ब्लॉकला तडा जाऊ शकतो, शिवाय टॉर्क (बोल्ट पिळण्याचा जोर) खोटा दिसतो.

थर्मोस्टॅट (पाणी ठरावीक तापल्यावरच रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकायची आपल्याकडे सवयच आहे. या गाडीतही नव्हता. त्याच्याविना इंजिन हिवाळ्यात थंडच पळतं, पेट्रोल बोअरवरचं तेल धुऊन काढतं आणि रिंगा झिजतात. नवा थर्मोस्टॅट पातेल्यात पाणी तापवून, थर्मामीटर लावून तपासला. त्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास उघडतो. रेडिएटरमध्ये कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं जाणार.

क्रँक, पिस्टन बसले, हाताने मोकळे फिरतात. व्हॉल्व्ह लॅपिंग (व्हॉल्व्ह घासून सीटवर घट्ट बसवणं) आणि ऑइल पंपाचं क्लिअरन्स मोजायचं काम बाकी आहे.