तुम्ही विचारलंत म्हणून: गाणं मोठं का वाजत नाही?

‘घरी केलेलं मिक्स बाकीच्या गाण्यांइतकं मोठं का वाजत नाही? लिमिटर कुठला लावता?’ कुणी ना कुणी हे विचारतंच. मिक्स म्हणजे वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज जुळवून एकत्र केलेलं गाणं. लिमिटर म्हणजे सर्वांत मोठे ठोके एका मर्यादेवर अडवणारं साधन, म्हणजे बाकी सगळं वर उचलता येतं. मी ‘लिमिटरवर काही नसतं’ म्हणून विषय बदलतो आणि लोकांना वाटतं, हा काहीतरी लपवतोय. लपवत नाही. सांगायला बसलो की एक गाणं आठवतं.

मैत्रिणीचं गाणं. गिटार, आवाज आणि शेवटच्या कडव्यात बास, किक (ड्रमसेटमधला पायाने वाजवायचा मोठा ड्रम). दुसऱ्या कडव्याआधी ती श्वास घेते, तो इतका हलका की हेडफोनशिवाय कळायचाही नाही. मिक्स तिला आवडलं होतं. मी मात्र ते एका व्यावसायिक गाण्यापाठोपाठ लावलं आणि वाटलं, आपलं गाणं दाराआड वाजतंय. रात्रभर बसलो. थ्रेशोल्ड, म्हणजे लिमिटर जिथून कापायला लागतो ती पातळी, खाली, अजून खाली. मीटर उणे ७ एलयूएफएसवर गेला (हे कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं गाणं मोठं), किकच्या प्रत्येक ठोक्याला लिमिटर ८ डेसिबल कापत होता. प्रत्येक आवृत्ती आधीच्यापेक्षा मोठी, म्हणून प्रत्येक वेळी चांगलीच वाटायची. कान असे फसतात हे मला ठाऊक होतं. तरी दोन्ही आवृत्त्या एका पातळीवर आणून एकदाही ऐकल्या नाहीत.

सकाळी पाठवलं. तिचा फोन आला, ‘मी गाताना धापा टाकतेय का रे?’

तो श्वास शब्दाइतका मोठा झाला होता. किक पुठ्ठ्याच्या खोक्यावर थाप मारावी तशी वाजत होती. मी म्हटलं, ‘हल्ली सगळी गाणी अशीच असतात.’ तिने वाद घातला नाही. पुढचं गाणं माझ्याकडे आणलं नाही.

स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगवर गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसला आणून वाजवतं. म्हणजे रात्र जागून मिळवलेले ७ डेसिबल तिथे परत काढून घेतले गेले. चेपलेली किक मात्र चेपलेलीच राहिली.

मोठेपणा आधीच ठरलेला असतो, मिक्समध्ये. गिटारची सर्वांत खालची तार ८२ हर्ट्झला वाजते. त्याखाली माइकमध्ये शिरते ती टेबलाची, पावलांची घरघर. ऐकू येत नाही, पण हेडरूम, म्हणजे आवाज फाटण्याआधी वर उरलेली जागा, खाते. हाय-पास फिल्टर (ठरावीक पातळीखालचे खर्जाचे आवाज गाळणारा) लावून ती काढा. बास आणि किक एकाच जागी आदळत असतील तर कुणीतरी एकाने सरकायला हवं. कान २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तिखट असतो. तिथे गायकाला मोकळी जागा मिळाली की फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) न हलवताही गाणं पुढे येतं. कॉम्प्रेशन, म्हणजे मोठ्या-लहान आवाजातला फरक कमी करणं, एकेका ट्रॅकवरच थोडं थोडं करा, २-३ डेसिबल. शेवटी लिमिटरला फारसं उरत नाही.

त्या रात्रीचा मी यावर भांडेल. म्हणेल, कुणी फाइल थेट उघडली तर तिथे कोण पातळी जुळवणार? हळू गाणं हळूच वाजणार आणि ऐकणारा पुढे जाणार. त्याचं चूक नाही. दाट इलेक्ट्रॉनिक गाण्यात तो दाब नादाचाच भाग असतो, हेही खरं. म्हणून मी अजूनही उणे ९ पर्यंत जातो. मागच्याच महिन्यात गेलो, आणि ते गाणं मला आवडतं.

तेव्हा लिमिटरचं नाव विचारू नका. मिक्स पाठवा, मास्टरवर, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र येतात त्या शेवटच्या चॅनलवर, काहीही न लावता. आधी बास ऐकू.